दिव्याखाली

थंडी तर साऱ्या नाशिकला वाजत होती त्या आठवड्यात,
निफाडला पारा चारवर उतरल्याचं पेपरात होतं,
म्हणून कुंदाची हुडहुडी
आम्ही दोन दिवस हवामान खात्यात जमा केली.

तिसऱ्या संध्याकाळी दोन गोधड्यांखालून ती म्हणाली,
डाव्या कुशीत कुणीतरी निखारा ठेवून विसरलंय.
थर्मामीटर : एकशे तीन.

बिटको चौकातून रिक्षा, दवाखाना, बाटलीत लघवी.
रिपोर्ट स्वच्छ.
पुन्हा दिली. पुन्हा स्वच्छ.
इतका स्वच्छ की मला राग आला,
घरात चोर आणि उंबऱ्यावर पाऊल नाही.

डॉक्टर अहिररावांनी कागदावर किडनी काढली,
तिच्यावर गोल, गोलाला चिकटून गोल.
"द्राक्षाचा घड समजा."
नाशिकचे डॉक्टर, दुसरं काय म्हणणार.
"आईकडून आलाय यांना. प्रत्येक मण्यात पाणी,
प्रत्येक मण्याचं दार बंद.
आत एखादा नासला तरी लघवीला पत्ता नसतो."
कुंदाने हळूच विचारलं, "मग नासका कोणता?"
डॉक्टरांनी पेनाला टोपण लावलं.
"तेच तर."

मला तो प्रश्न ओळखीचा होता.
चौतीस वर्षं नोटांच्या प्रेसमध्ये मी दिव्याखाली ताव धरले,
सारखे, सारखे, सारखे,
आणि ज्यात शाई हलली तो बाजूला काढला.
जेवणाच्या सुट्टीतही डोळे थांबायचे नाहीत,
कुंदाच्या पोळीवरचे डाग मोजायचे.
तेहतीस वर्षं तिच्या शेजारी झोपलो
आणि हे पाहिलं नाही.

सीटी झाला, रंग न टोचता, कारण क्रिएटिनिन अडीचवर.
पडद्यावर शंभरेक पिशव्या, करड्या, शांत,
एकही कबूल होईना.
मग गंगापूर रोडचा मोठा स्कॅन, उपाशीपोटी, भाड्याच्या गाडीनं.
शिरेतून किरणं माखलेली साखर सोडली;
जिथं झुंज चालू असते तिथं साखर जास्त खपते म्हणे.
आणि खालच्या टोकाला, पाठीच्या बाजूला,
एक कडं पेटलं.
हाच.
माझा हात आपोआप खिशात लाल पेन्सिल शोधू लागला.

पण सापडणं म्हणजे बाजूला काढणं नव्हे.
आधीची इंजेक्शनं रक्तात हिंडायची
आणि पिशवीच्या दाराशी चपला काढून बसून राहायची.
औषध बदललं, भिंत ओलांडून आत जाणारं.
तरी चार दिवस ताप संध्याकाळी बरोब्बर सातला,
पाळी बदलल्याच्या भोंग्यासारखा.
शेवटी सोनोग्राफीत बघत बघत पाठीतून सुई.
सात सेंटिमीटरची पिशवी. निघालं ते
नासक्या ताकाच्या रंगाचं, आणि वास.
कुंदा पालथी, माझा अंगठा तिच्या मुठीत.
"बघू नका," ती म्हणाली.
मी बघितलं. नोकरीच तशी होती.

नळी आता निघालीय. गोळ्या अजून तीन आठवडे.
ताप नाही, तरी सात वाजता मी थर्मामीटर झटकतो.
"अठ्ठ्याण्णव चार."
"पास," ती म्हणते, आणि कूस बदलते, डाव्या अंगावर,
किती दिवसांनी.
बाकीचे मणी आहेत तिथंच आहेत.
त्यांचं नाव आम्ही सातनंतर काढत नाही.

रेवती रविवारी पुण्याहून आली.
डॉक्टरांनी तिलाही सोनोग्राफी सांगितलीय.
निम्मी शक्यता, म्हणाले, नाणं उडवल्यासारखी.
आमच्या प्रेसमध्ये नाणी पाडत नाहीत.

ती ओट्याशी पाठमोरी उभी, चहा गाळतेय,
साखर कुणाला किती ते विचारतेय,
वर ट्यूबलाइट.
मी चष्मा काढून ठेवतो.